शुक्रवार ते सोमवारात बसेल अशी सफारी

प्रिय धाकट्या,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तू आधी दचकशील. ताई पत्र कधीपासून लिहायला लागली, असं वहिनीला विचारशील. फोनवर मी भलतंच बोलून बसते, म्हणून लिहितेय. तू "कशी आहेस" विचारतोस, मी "मजेत" म्हणते, मग मुली काय म्हणतात, कुठल्या इमारतीत लिफ्ट बसवतोयस, हवा कशी आहे, की झालं, संपलं. आणि आता तर तो फोनही नाही. तुझ्या तपासण्या होऊन चार महिने होत आले. सगळं जुळलं. डॉक्टरीणबाईंनी मला बोलावून सांगितलं की भावाची किडनी तुम्हाला चालेल, त्यांनी हो म्हटलं की आपण तारीख धरू. त्या दिवसापासून तू जो मूग गिळून बसलायस तो बसलायस. मध्ये वहिनीचा एक मेसेज आला होता की मुलींच्या परीक्षा आहेत. एक पहिलीत, एक बालवाडीत. बालवाडीत कसल्या परीक्षा असतात कोण जाणे, पण असो. टोमणे मारायला बसले तर पान पुरायचं नाही. मला तुला एका सफारीबद्दल सांगायचं आहे. गवताळ माळ, सिंह, हत्ती, जिराफ, उघडी जीप, ती सफारी. मी तिची सगळी आखणी करून बसलेय. डोकं फिरलंय का माझं, हे वाचून झाल्यावर ठरव.

माझं म्हणशील तर नेहमीचंच चाललंय. सोमवार, बुधवार, शुक्रवार मशीन. मंगळवार, गुरुवार आणि शनिवारी अर्धा दिवस डेपो. ड्रायव्हर-कंडक्टरांच्या ड्युट्या लावायचं काम बसून करायचं असतं हे माझं नशीब, नाहीतर साहेबांनी केव्हाच नारळ दिला असता. कोण रजेवर, कोणाला पहाटेची गाडी चालत नाही, कोणत्या दोघांना एका बसवर द्यायचं नाही कारण त्यांचं थर्मासच्या झाकणावरून भांडण झालं होतं, हे सगळं अजून डोक्यात पक्कं असतं. बाकीच्या गोष्टींचं मात्र काय झालंय कळत नाही. मशीनवर बसायच्या आधी हाताला एक मलम लावतात, सुया टोचताना कळू नये म्हणून. एकदा मी ते लावायला विसरले आणि दोन्ही सुया आत गेल्या तरी मला काही वाटलं नाही. मोठ्या सिस्टर माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. तेव्हापासून मी मलम आणतच नाही. सगळ्याचंच तसं झालंय. शेजारणीचं चौदा वर्षांचं कुत्रं गेलं, ती जिन्यात बसून रडली, मी तिला खुर्ची आणून दिली आणि घरात येऊन भाजी निवडायला घेतली. गॅलरीतली झाडं वाळली, ती तशीच उभी आहेत. वाईट वाटत नाही, बरंही वाटत नाही. डॉक्टरीणबाई म्हणतात की असं होतं. म्हणजे झालंच तर.

आमच्या हॉलमध्ये बारा खुर्च्या आहेत. मागे रेलता येतील अशा, रेक्झिनच्या, हातावर चिरा पडलेल्या. आपलं रक्त एका नळीतून बाहेर जातं, मशीनमध्ये धुतलं जातं आणि दुसऱ्या नळीतून परत येतं. बाहेर फिरून येतं त्यामुळे थंडी वाजते, म्हणून प्रत्येकजण घरून आपलं पांघरूण आणतो. चार तास हलायचं नाही. समोरच्या भिंतीवर एक टीव्ही आहे. पूर्वी त्यावरून रोज जुंपायची. एकाला बातम्या हव्यात, एकीला मालिका, एकाला मॅच. एक दिवस मोठ्या सिस्टरांनी वैतागून प्राण्यांचं चॅनल लावलं, आवाज बंद केला आणि रिमोट आपल्या कपाटात टाकून कुलूप घातलं. तेव्हापासून आम्ही बाराजण चार तास मुकाट्याने हरणं बघतो. भांडण मिटलं, कारण हरणांवर कोणाचाच राग नाही.

माझ्या शेजारच्या खुर्चीत कोण आलं असेल ते ओळख. पोहण्याचे मास्तर! तेच ते, आपल्या तलावावरचे, गळ्यात शिटी, पोट पुढे, आवाज असा की पाण्याखालीही ऐकू यावा. तू सात वर्षांचा होतास. पहिले तीन दिवस तू नुसता काठावर उभा राहिलास आणि मी मागे तुझा टॉवेल धरून उभी. बाकीची पोरं बेडकासारखी उड्या मारत होती. मास्तर तुला रागावले नाहीत. ते म्हणाले की हा उतरेपर्यंत ताईने इथून हलायचं नाही, बसायचंही नाही. चौथ्या दिवशी तू वळून माझ्या पायांकडे बघितलंस आणि नाक धरून उडी मारलीस. घरी जाताना मला विचारत होतास, पाय दुखले का गं फार? मी मास्तरांना ही गोष्ट सांगितली तर त्यांना तू आठवला नाहीस, पण हसले खूप. म्हणाले की हजार पोरं काठावर उभी होती, हजारच्या हजार पडली पाण्यात.

तेच मास्तर आता घोटाघोटाने पाणी पीत होते. आमचं गणित असं असतं बघ. किडनी काम करत नाही म्हणजे प्यायलेलं पाणी बाहेर पडत नाही. ते अंगात साठतं, पायात, पोटात, मग फुप्फुसात. म्हणून दिवसभरात पाणी, चहा, सूप सगळं धरून एक लहान बाटली. मशीनच्या आधी वजन करतात, नंतर करतात, आणि मधला फरक म्हणजे आपण केलेलं पाप. शुक्रवार ते सोमवार ही सगळ्यांत लांब सुट्टी, आणि तीच सगळ्यांत वाईट. तोंडात बर्फाचा खडा धरायचा, लिंबाची फोड चोखायची, आणि नळाचा आवाज ऐकू आला की दुसऱ्या खोलीत जायचं. मास्तरांनी जन्म पाण्यात काढला होता. म्हणायचे की तेव्हा चूळ भरून टाकली तेवढं आता दोन दिवसांत पितो. बाहेरच्या बाकावर मास्तरीणबाई लोकर विणत बसायच्या, आणि त्यांच्या पिशवीत कायम लिंबं असायची.

सफारी त्यांच्याच डोक्यातून निघाली. टीव्हीवर एक जिराफ पाय फाकवून वाकत होता आणि ते एकदम म्हणाले की बसून काय बघतेस, जाऊ या की. मी म्हटलं, कधी? म्हणाले, शुक्रवारी सुटलो की निघायचं, सोमवारी सकाळी परत. मला वाटलं विनोद केला. पण चांगले दोन तास उरले होते, सुया हातात होत्या, कुठे जाणार? म्हटलं चला, लावून बघू. ड्युट्या लावण्यात माझा हात कोण धरणार? त्या दिवशी नुसतं विमान बसवलं. बुधवारी पुढचं. असं करत करत नियम ठरले. एक, सगळं खरं पाहिजे. खरी विमानं, खऱ्या वेळा, उगाच कल्पनेत उडायचं नाही. दोन, सगळं शुक्रवार संध्याकाळ ते सोमवार सकाळ यात बसलं पाहिजे. अंथरूण पाहून पाय पसरायचे, आणि आमचं अंथरूण तेवढंच.

तुला हसू येईल, पण मी खरंच एका प्रवास कंपनीत गेले. चपलांच्या दुकानाच्या वरची एका टेबलाची कंपनी. टेबलावर लाकडी जिराफ, त्याचा एक पाय डिंकाने चिकटवलेला, आणि मागे एक किडकिडीत बाई. तिला वाटलं मी थट्टा करतेय. एवढ्या लांब जाऊन एकच रात्र राहणारं गिऱ्हाईक तिने जन्मात पाहिलं नव्हतं. लोक आठ दिवस, दहा दिवस जातात हो, ती म्हणाली. मी बाही वर करून हात दाखवला. तुला माहीत आहे तो कसा दिसतो, सुयांसाठीची शीर फुगून दोरखंड पेरल्यासारखा. तिने खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाली की बसा, बघू या कसं जमतं ते. तिचा धंदा तसाही थंड होता. त्यानंतर ती दर आठवड्याला फोन करून काहीतरी नवं काढायची. मोठ्या विमानातून उतरलं की पुढे सहा जणांचं चिमुकलं विमान असतं. ते गवतातच उतरतं, आणि उतरायच्या आधी एक माणूस जीप पळवून धावपट्टीवरचे झेब्रे हाकलतो. त्या विमानात कडक सुटकेस चालत नाही, मऊ पिशवी लागते. आणि प्रत्येक माणसाचं वजन आधी कळवावं लागतं. हे मी मास्तरांना सांगितलं तर ते गंभीर चेहरा करून म्हणाले की त्यांना विचार, मशीनच्या आधीचं की नंतरचं. मोठ्या सिस्टर इतक्या हसल्या की त्यांच्या हातातला ट्रे पडला.

मग हळूहळू सगळा हॉलच त्यात पडला. कोपऱ्यातल्या खुर्चीवरचे निवृत्त शिंपी म्हणाले की पांढरं घालू नका, लांबून दिसतं, आणि गडद निळंही नको, त्यावर माश्या येतात. मातकट रंग घ्या, मी बेतून देतो. पलीकडच्या बाईंना साप वगळून सगळं चालणार होतं. एक गृहस्थ उंटावरून शेळ्या हाकत म्हणायचे की सिंह वगैरे काही दिसत नाहीत, लोक फोटो विकत आणतात. मास्तर त्यांना म्हणायचे, तुम्हाला नेणारच नाही. जीपमधून खाली उतरायचं नाही, मोठ्याने बोलायचं नाही, तीन-चार तास एका जागी बसायचं, असं त्या कंपनीच्या बाईने सांगितलं तेव्हा मास्तर म्हणाले की मग आपल्याइतकी तयारी जगात कोणाची असणार.

भांडण झालं ते एकाच गोष्टीवरून, कुठल्या महिन्यात जायचं. मास्तरांना कोरड्या दिवसांत जायचं होतं. गवत वाळतं, पाणी आटतं, एखादाच डोह उरतो आणि सगळी जनावरं तिथे येतात. जीप नुसती उभी करायची, बघत बसायचं. त्यांना हत्ती पाणी पिताना बघायचा होता. शंभर-शंभर लिटर ओढतो, म्हणायचे, आपल्याला नाही तर नाही, बघायला तरी मिळू दे. मला मात्र पावसानंतर जायचं होतं, हिरवं असताना, पिल्लं जन्मतात तेव्हा, जनावरं चार दिशांना पांगलेली असली तरी चालेल. खरं कारण हे की मला कोणालाही पाणी पिताना बघायचं नव्हतं. टीव्हीवर डोह आला की मी डोळे मिटून घ्यायचे. हे मी मास्तरांना सांगितलं नाही. मी म्हणायचे की गर्दी असते, भाव चढलेले असतात, धूळ फार. दोन आठवडे आम्ही एकमेकांशी फटकून होतो. शेवटी त्या बाईनेच सोडवलं. पावसाळ्यात गवताच्या धावपट्टीवर चिखल होतो, विमान एक दिवस उशिरा आलं तर सोमवार चुकेल. सोमवार म्हटल्यावर मी हरले. कोरडे दिवस ठरले.

आणि एका बुधवारी सगळं बसलं. शुक्रवारी मशीन, तिथून विमानतळ, रात्रीचं विमान. शनिवारी दुपारी तंबूत, संध्याकाळी जीपमधून डोहावर. रविवारी पहाटे पांघरुणं घेऊन पुन्हा जीप, दुपारी चिमुकलं विमान, रात्री मोठं. सोमवारी सकाळी विमानतळावरून थेट खुर्चीत, पिशवी खुर्चीखाली. कुठे शिवण उसवलेली नाही. मी डेपोत वीस वर्षं ड्युट्या लावतेय, पण इतकं चोख काही बसवलं नव्हतं. आता तू विचारशील की खरंच जाणार होतात का. नाही रे. दोघांनाही माहीत होतं. डॉक्टरीणबाईंना विचारलंसुद्धा नव्हतं. पण मला सोमवारची वाट बघायची सवय लागली होती. मशीनच्या दिवसाची वाट बघणारी मी एकटीच असेन.

मास्तरांनी तुझ्याबद्दल विचारलं होतं. त्यांच्या मुलीने त्यांना किडनी देऊ केली होती आणि त्यांनी साफ नकार दिला होता. पोरीचं नुकतं लग्न झालंय, तिच्या पोटाला चाकू लावून मी कुठे कुठे पोहणार आहे, असं म्हणायचे. मी सांगितलं की माझ्या भावाचं जुळलंय, तो विचार करतोय. त्याने तपासण्यासुद्धा करून दिल्या. त्यावर त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं.

"तपासण्या डॉक्टरांनी मागितल्या. तू काय मागितलंस?"

मी म्हटलं की मागायचं काय, तो भाऊ आहे, त्याला कळत नाही का?  टीव्हीवर रानडुकरं चालली होती, शेपट्या वर करून, मास्तर ती बघत बसले.

तो शुक्रवार होता. सोमवारी मी गेले तर त्यांच्या खुर्चीत एक चष्मेवाला माणूस बसलेला. मला वाटलं की मास्तरांना आज दुसरी वेळ दिली असेल. मी वजन केलं, पांघरूण घेतलं, बसले. सिस्टरांनी सुया घातल्या, नळ्या चिकटवल्या आणि मग माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं की मास्तर काल रात्री गेले. फुप्फुसात पाणी भरलं होतं, दवाखान्याची गाडी येईपर्यंतही थांबले नाहीत. मी बरं म्हटलं. सिस्टरांना मी 'बरं' म्हटलं, धाकट्या.  चार तास टीव्ही बघितला. चष्मेवाल्याचा पहिलाच दिवस होता, तो घाबरून सारखा मशीनकडे बघत होता. मी त्याला सांगितलं की ते लाल दिवे लागले तरी काही होत नाही. घरी येऊन जेवले, झोपले, दुसऱ्या दिवशी डेपोत गेले. कोणाला काही सांगितलं नाही. सांगायचं तरी काय, की माझा सफारीचा सोबती गेला?

पुढच्या आठवड्यात मास्तरीणबाई मास्तरांचं पांघरूण न्यायला आल्या. ते हॉलच्या कपाटातच राहिलं होतं. मी बाहेर येऊन त्यांच्याशेजारी बाकावर बसले. त्यांनी आपणहून सांगितलं. रविवारी दुपारी मास्तर गॅलरीत बसले होते. ऊन तापलं होतं. ते उठून आत गेले, पाण्याचा मोठा तांब्या भरून घेऊन आले आणि तोंडाला लावला. तो संपल्यावर आणखी एक. बाई दारात उभ्या होत्या.

"अडवलं नाही मी," त्या म्हणाल्या. "किती दिवसांनी इतकं छान पीत होते."

तेवढं बोलून त्या पांघरुणाची घडी मोडून पुन्हा घालत बसल्या. मी त्यांचा हात धरायला हवा होता. मला वाटलं की आता रडू येईल, मी वाटही बघितली, पण आलं नाही. त्यांनी मला पिशवीतली दोन लिंबं दिली आणि गेल्या. ती मी त्याच दिवशी संपवली.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते सांगण्यासारखं नाही. हॉलमध्ये सफारीचं नाव कोणी काढलं नाही. शिंपीकाकांनी एकदा माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. चष्मेवाला बातम्या लावा म्हणून मागे लागला, सिस्टरांनी रिमोट बाहेर काढला आणि पुन्हा भांडणं सुरू झाली. मी प्राणी काय, बातम्या काय, दोन्हीकडे सारखीच बघत होते. आणि मागच्या शनिवारी डेपोत त्या प्रवास कंपनीच्या बाईचा फोन आला. तिला काहीच माहीत नव्हतं. कोरडे दिवस जवळ आलेत, त्या एका रात्रीचे तंबू धरून ठेवायचे का, विचारत होती. मी तिला सांगितलं की दोघांतला एक माणूस गळला.  ती हळूच म्हणाली, तुमचं एकटीचं लावून ठेवू का? मी म्हटलं लावा. आणि धाकट्या, मी बोलत सुटले. म्हटलं की पहिले दोन दिवस डोहापाशी, मग दक्षिणेला जिथे गवत उंच असतं तिथे, तिथून नदीकडे. एक सबंध दिवस कुठेही जायचं नाही, तंबूच्या दारात बसायचं. परत येताना समुद्रावर दोन दिवस. ती भराभर लिहून घेत होती. शेवटी तिने बेरीज करून सांगितलं की बारा दिवस होतात. मी म्हटलं, होऊ देत.

फोन ठेवला आणि समोर भिंतीवरचा ड्युट्यांचा तक्ता दिसला, तेव्हा माझ्या लक्षात आलं. बारा दिवसांत मशीनचे पाच दिवस येतात. पाच! मी एकही धरला नव्हता. गेल्या तीन वर्षांत मी बाजारातून भाजी आणायची म्हटली तरी आधी मशीनचा वार बघते. कोणाच्या लग्नाला, कोणाच्या मातीला, आधी वार. आणि बारा दिवस मी सिंहांमागे फिरून आले, समुद्रावर जाऊन आले, आणि एकदाही वार बघितला नाही.  दोघेजण रजेचा अर्ज घेऊन दारात उभे होते, त्यांना नंतर या म्हटलं, दार लावलं आणि रडले. मास्तरांसाठी रडले, शेजारणीच्या कुत्र्यासाठी रडले, झाडांसाठीसुद्धा. किती तहान लागली होती म्हणून सांगू, आणि त्यात डोळ्यांतून पाणी चाललेलं.

तर आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले ते लिहिते. तुझ्या तपासण्या झाल्या त्या रात्री तू फोन केला होतास आणि मी तुला म्हटलं होतं की घाई नाही, नीट विचार कर, नाही दिलीस तरी माझं काही अडत नाही. ते खोटं होतं. माझं अडतं. मला तुझी एक किडनी हवी आहे. मी मागतेय, धाकट्या. आई गेल्यावर तुझ्या फीपासून तुझ्या लग्नातल्या पत्रिकांपर्यंत सगळं केलं, ते फेड म्हणून मागत नाही, त्याचा हिशेब यात आणू नकोस. मला जगायचं आहे म्हणून मागतेय. तुझं काम उंच माळ्यांवर, दोरांना लोंबकळून करायचं असतं, तुझ्या दोन लहान मुली आहेत, वहिनी घाबरली असेल. घाबरायचंच काम आहे. डॉक्टरीणबाई तुम्हा दोघांशी बसून बोलायला तयार आहेत. तू नाही म्हणालास तर मी तुला शाप देणार नाही, पण मला राग येईल, खूप येईल, आणि तो मी तुझ्यापासून लपवणार नाही. आजवर मी तुझ्याकडे कधी काही मागितलं नाही, त्याला तुम्ही सगळे माझा मोठेपणा म्हणता. मोठेपणा कसला? तू नाही म्हणशील याची भीती वाटायची. आताही वाटतेय. रविवारी मी दिवसभर घरी असते. हो असेल किंवा नाही असेल, वहिनीला सांगायला लावू नकोस, तू स्वतः सांग.

तुझ्या उत्तरापर्यंत आणि त्यानंतरही तुझीच,
ताई